तुझा पेद्रू किती वाजता उठतो?

"प्रिय ताई, मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली. वय २७. २०१७ साली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, इन्स्टाग्रामवर मराठीतून एक चित्रकथा काढायला लागले. मुक्ता नावाची मुलगी, तिची आई, आत्या, आणि रोज सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, पेद्रू. पेद्रू कायम प्यायलेला. उंडे मागितले तर दुसऱ्याच प्रकारचा पाव, काकणां, देणार, हिशेबात गोंधळ घालणार, कुंपणाला धडकणार आणि हिंदी-मराठीची खिचडी करून 'क्या मॅन' म्हणणार. लोकांना तो फार आवडला. आज ३४० स्ट्रिप झाल्यात. गेल्या दोन-तीन वर्षांत माझं लिखाण बदललंय असं मला वाटतं. पुस्तक काढूया असं एकाने सुचवलं म्हणून पहिल्यापासून वाचायला घेतलं आणि विसाव्या स्ट्रिपला बंद केलं. त्यातच म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात शाळेतली मैत्रीण भेटली. तिच्या घरची पावाची भट्टी होती, वडील चालवायचे. इतकी वर्षं तिने माझ्या कॉमिकबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्या दिवशी हसत हसत म्हणाली, 'तुजो पेद्रू सकाळीं कितल्यांक उठता गो?' मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन रडले. पहिल्या शंभर स्ट्रिप काढून टाकू का? नव्याने काढू? की तशाच ठेवू? पेद्रूला बदललं तर वाचक जातील, ही पण भीती आहे. आणि एक विचारायचंय : मी तेव्हा वाईट होते का?"

(पत्रलेखिकेच्या विनंतीवरून पात्रांची नावं बदलली आहेत. तिने पहिल्या ६० स्ट्रिप सोबत पाठवल्या होत्या. त्या वाचूनच हे उत्तर लिहिते आहे.)

बाय,

तुझ्या मैत्रिणीने विचारला तितका चांगला प्रश्न लेखनाबद्दल मी क्वचितच ऐकलाय. 'आम्ही सगळे काय दारुडे असतो का?' असं ती विचारू शकली असती. मग तू सारवासारव केली असतीस, गंमत आहे गं, मनावर नको घेऊस, म्हणाली असतीस. तिने वेळ विचारली. आणि वेळ सांगायची तर माणूस माहीत असावा लागतो.

उत्तर मी देते, कारण माझं लहानपण एका भट्टीच्या पाठीमागच्या घरात गेलं. पोदेर रात्री दोन-अडीचला उठतो. लाकडं पेटवून भट्टी तापवायची, निखारे बाजूला सारायचे, लांब दांड्याच्या फळीने पाव आत सरकवायचे आणि नेमक्या वेळी बाहेर ओढायचे. उजाडायच्या आत पहिली टोपली सायकलला बांधलेली असते. दुपारी पुन्हा तेच, संध्याकाळचा दुसरा फेरा असतो ना. आमच्या न्हाणीघराची एक भिंत पहाटे कोमट लागायची. थंडीत आम्ही भावंडं तिला पाठ टेकून दात घासायचो. आणि तिथल्या पोदेराच्या हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, केस नव्हते. धगीने जळून जायचे. तो पाव मोजून माझ्या ओंजळीत द्यायचा तेव्हा ते मला जवळून दिसायचं. सात-आठ वर्षांची असेन मी. पुष्कळ दिवस मला वाटायचं की सगळ्याच पोदेरांचे हात असे जन्मतः गुळगुळीत असतात.

तो पीत नव्हता असं मी म्हणणार नाही. प्यायचा, रविवारी, जेवणाआधी, आणि मग दुपारभर झोपायचा. पण आठवड्याचे सहा दिवस अडीच वाजता आगीसमोर उभं राहणारा माणूस सकाळी सहाला झिंगत कुंपणाला कसा धडकेल?

तुझ्या पेद्रूच्या हातांवर केस आहेत. चौथ्या स्ट्रिपमध्ये तू ते एकेक रेघ मारून काढलेस. विनोदी, रांगडा दिसावा म्हणून काढले असशील. त्या चौकटीपाशी मी बराच वेळ थांबले. तुझा हात तेव्हाही चांगला होता. टोपलीवरचं निळं प्लास्टिक, हँडलला लावलेला भोंपू, चिखलाने माखलेलं मडगार्ड, सगळं बरोबर आहे. सायकल तू पाहिली होतीस. सायकलवरचा माणूस पाहायचा राहिला.

मग तो आला कुठून? हिंदी सिनेमातून. तिथला गोव्याचा ख्रिस्ती माणूस तुला मला सगळ्यांनाच पाठ आहे : एका हातात बाटली, डोक्यावर हॅट, तोंडी 'मॅन', आणि मुलीच्या लग्नात गिटार. तू जन्मल्यापासून रोज सकाळी खऱ्या पोदेराचा भोंपू ऐकलास, त्याच्या हातचा पाव खाल्लास, आणि कागदावर उतरला तो मुंबईच्या स्टुडिओतला. हे एकट्या तुझं झालेलं नाही. एकोणीस वर्षांचा हात आधी दुसऱ्यांनी काढलेलंच काढतो. म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते : नाही, तू वाईट नव्हतीस. पण त्यामुळे तुझ्या मैत्रिणीला कमी लागलं असं मात्र समजू नकोस. आठ वर्षं ती गप्प होती, यावरून काय ते समज.

व्यंगचित्रकार मारियो मिरांडांचंच बघ. लोटलीच्या घरात हा मुलगा भिंती चितारून ठेवायचा म्हणून आईने त्याला कोरी वही आणून दिली, ही गोष्ट गोव्यात कोणाला सांगावी लागत नाही. त्यांच्या १९४९, १९५० आणि १९५१ च्या चित्ररोजनिश्या आता छापील मिळतात. मिळाल्या तर मांडी घालून बसून बघ. विशीतला मुलगा आहे, पण घरचे, शेजारी, पाद्री, मित्र, प्रत्येकाची उभं राहायची ढब वेगळी आहे. कारण ही माणसं त्यांच्यासमोर होती, संध्याकाळी पुन्हा भेटणार होती. आणि मग मुंबईच्या वर्तमानपत्रांसाठी काढलेली मिस फोन्सेका आठव, ठिपक्यांच्या फ्रॉकातली सेक्रेटरी. मला मारियोंबद्दल अपार प्रेम आहे, ते मनात ठेवूनच म्हणते : लोटलीतल्या माणसांकडे बघणारी नजर मिस फोन्सेकाला मिळाली नाही. ती शरीराच्या बांध्यावरच राहिली. हात तोच होता.

आता एक माझं सांगते. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. आमच्या गावच्या देवळाच्या उत्सवात दरवर्षी मराठी नाटक व्हायचं. तुला माहीतच आहे, आपल्याकडे उत्सव म्हटला की नाटक आलंच, तालमी महिनाभर आधी सुरू. त्या वर्षी नाटक मी लिहिलं. नायक-नायिका शुद्ध मराठी बोलणारे, आणि गडी कोकणी बोलणारा. तो तोंड उघडायचा आणि मंडपात हशा पिकायचा. प्रयोग रंगला, रात्री दोनपर्यंत लोक उठले नाहीत. मी हवेत. घरी जाताना आई म्हणाली, "आमी घरांत अशेंच उलयतात न्हय गो?"

बस्स, तेवढंच : आपण घरात असंच बोलतो ना गं? ती रागावली नव्हती. खरोखर विचारत होती. आईला मराठी पोथ्या पाठ होत्या, रोजचं वर्तमानपत्र ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मराठीत वाचायची, आणि आयुष्यभर बोलली कोकणी. तिच्या तोंडची भाषा मी गड्याला दिली होती, हसं व्हावं म्हणून. ते नाटक मी पुन्हा करू दिलं नाही. पण सांगायचा मुद्दा वेगळा आहे. पुढची कितीतरी वर्षं मी कोकणीत एकही संवाद लिहिला नाही, चुकेन म्हणून. ती माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. तू या वाटेने जाऊ नकोस.

म्हणून तुझ्या स्ट्रिपमधले फुगे मी मुद्दाम पाहिले, कोण कुठली भाषा बोलतो ते. मुक्ता पुण्याचं मराठी बोलते. आई तेच. आत्या तेच. फोंडा तालुक्यातलं घर, आणि चुलीपाशी कोणाच्या तोंडून एक कोकणी 'मगे' पडत नाही! कोकणीतलं काही आलं तर ते पेद्रूच्या तोंडी, तेही मोडून. मराठी-कोकणीचा वाद आपल्याकडे इतका पेटला की १९८७ साली राजभाषेचा कायदा करावा लागला. त्या वादात मला इथे शिरायचं नाही. तू मराठीत लिहितेस याचा मला आनंद आहे, मीही मराठीतच लिहिते. पण मुक्ता घरात जी भाषा बोलत असणार ती तिच्या फुग्यात कधी तरी येऊ दे. आई रागावते तेव्हा कोकणीत रागावते, देवाशी बोलते तेव्हा मराठीत. गोव्यातल्या कुठल्याही वाचकाला तळटीप लागणार नाही. आणि पेद्रूला एखाद्या दिवशी धड कोकणी बोलू दे, सलग पाच वाक्यं. ती त्याची भाषा आहे. तीत तो अडखळत नाही.

दुसरी एक मोजणी केली. ६० स्ट्रिपपैकी ५२ मध्ये शेवटची चौकट मुक्ताची आहे. शेवटचा टोला तिचा, शहाणपण तिचं, इतरांनी फक्त चुका करायच्या. पेद्रूचं दारूपण डोळ्यांत खुपतं म्हणून ते तुला दिसलं. हे दिसलं नसेल. पण सगळ्याचं मूळ मला इथे वाटतं. मुक्ता म्हणजे तूच होतीस, आणि एकोणिसाव्या वर्षी आपण स्वतःला चूक ठरवायला तयार नसतो. मग बाकीच्यांना कमी करत जावं लागतं : पोदेर दारुडा, आई कटकटी, आत्या हास्यास्पद, आणि बांधकामावरचा बसू, ज्याला तू दोन ठिकाणी 'घाटी' म्हटलंयस. (तो शब्द काढ. त्यावर चर्चा नको. आज आपल्या कितीतरी भट्ट्यांवर पीठ मळणारे हात घाटापलीकडून आलेत. आपला सकाळचा पाव त्यांच्या हातचा असतो.)

तेव्हा पुढची स्ट्रिप काढताना आधी एवढंच ठरव की शेवटची चौकट कोणाची. दहातल्या सहा दुसऱ्यांना दे. मुक्ताला चुकू दे, खरंखुरं, दुसऱ्याला भोवेल असं.

आता जुन्या स्ट्रिपचं. वर्तमानपत्रात यायच्या त्या स्ट्रिपचं बरं होतं. दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधली जायची, लोक विसरायचे. तुझी पहिली स्ट्रिप आजही तिथेच आहे, आणि गोष्ट पहिल्यापासून वाचू पाहणारा नवा वाचक तिथूनच सुरुवात करतो, एकोणीस वर्षांच्या तुझ्यापासून. सगळ्यात कच्चं काम दारात आणि पिकलेलं माजघरात. वेबवर चित्रकथा काढणाऱ्या प्रत्येकाला हे सोसावं लागतं. हात शिवशिवतात, दोनच मिनिटांत सगळं नाहीसं करता येतं.

नव्याने काढायचा विचार करत असशील तर टिनटिन काढणाऱ्या बेल्जियन चित्रकाराचं, हर्जेचं, उदाहरण डोळ्यासमोर ठेव. टिनटिन तू वाचला असशीलच. त्यातली तेव्हा बेल्जियमच्या ताब्यात असलेल्या कांगोवरची कथा त्याने १९३०-३१ मध्ये काढली, तिशीही गाठली नव्हती, आफ्रिकेत पाऊल टाकलं नव्हतं. त्यातले आफ्रिकी लोक आज बघवत नाहीत. १९४६ च्या रंगीत आवृत्तीसाठी त्याने ती सगळी पुन्हा काढली. आधी टिनटिन तिथल्या शाळेतल्या मुलांना 'तुमचा देश बेल्जियम' असं शिकवत होता, त्या जागी बेरजेचा धडा आला. रेघ सुधारली, रंग आले, एक लाजिरवाणं वाक्य गेलं. माणसं होती तशीच राहिली, जाड ओठांची, बावळट. म्हणजे पुन्हा काढून त्याने काय मिळवलं?

याच हर्जेला १९३४ मध्ये चांग चोंगरेन भेटला, ब्रुसेल्सला शिल्पकला शिकायला आलेला चिनी विद्यार्थी. त्याने हर्जेला चीनबद्दल सांगितलं, चिनी अक्षरं लिहून दिली, गोष्टी समजावल्या. त्या मैत्रीतून आलेल्या कथेत चिनी माणसं माणसांसारखी आहेत. उलट तिथे हसू होतं ते दोन युरोपी गुप्तहेरांचं : चीनमध्ये कोणाला ओळखू येऊ नये म्हणून ते असा काही चिनी वेष करून येतात की सगळा गाव त्यांच्या मागे हसत चालतो. अज्ञान कोणाचं आणि हसायचं कोणाला, हे त्याने बरोबर उलटं केलं. कांगोच्या कथेला चांग मिळाला नाही, म्हणून पंधरा वर्षांनी हात अधिक तयार झाल्यावरसुद्धा ती सुधारली नाही. तुझा चांग तुला म्हापशाच्या बाजारात भेटलाय.

आणखी एक उदाहरण तुझ्याच क्षेत्रातलं आहे. अमेरिकेतला डेव्हिड विलिस कट्टर धार्मिक ख्रिस्ती घरात वाढला. १९९७ मध्ये इंडियाना विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात त्याने कॉलेजातल्या मुलामुलींची 'रूमीज!' ही मालिका सुरू केली आणि वेबवरही आणली. त्यात जॉइस नावाची एक भाबडी धार्मिक मुलगी होती. पुढे त्याची स्वतःची मतं पार बदलली. २०१० मध्ये त्याने त्याच पात्रांना पुन्हा पहिल्या वर्षाच्या वसतिगृहात आणून 'डम्बिंग ऑफ एज' ही नवी मालिका सुरू केली. त्यातली जॉइस आपल्याच तरुणपणावर बेतलेली आहे, असं तो उघड सांगतो. घरातून घेऊन आलेल्या समजुती तिच्या एकेक करून गळून पडतात, तिला त्याचा त्रास होतो, आणि ते आपल्यासमोर घडतं. आपण पूर्वी काय होतो हेच त्याने लेखनाचं भांडवल केलं. मला हे फार धैर्याचं वाटतं. सगळं पुसून टाकलं असतं तर ही जॉइस त्याच्या हाती आली नसती.

तेव्हा शंभरच्या शंभर काढू नकोस. ज्यांत नुसतीच रेघ कच्ची आहे, विनोद फसलाय, त्या जशाच्या तशा राहू देत. शिकणाऱ्या मुलांना त्या बघून धीर येतो, मला तुझ्या बाराव्या स्ट्रिपमधला वाकडा हात बघून माझे दिवस आठवले. इन्स्टाग्रामवर टाकलेलं चित्र बदलता येत नाही, पण खालचा मजकूर बदलता येतो. पेद्रूच्या जुन्या स्ट्रिपखाली साल टाक आणि एक ओळ लिही, तुझ्या शब्दांत, की हा पेद्रू मी न बघता काढला होता. एकच ओळ. लांबलचक माफीनामा लिहिलास तर वाचणाऱ्याला तुझंच सांत्वन करावं लागतं. प्रोफाइलच्या माथ्यावर तीन पोस्ट पिन करता येतात, तिथे आजच्या तुझ्या तीन उत्तम स्ट्रिप लाव, म्हणजे नवा माणूस दारातून न येता थेट माजघरात येईल. बसूच्या त्या दोन अर्काइव्ह कर. पुस्तकात या कुठल्याच नकोत. कागदावर छापताना निवडायचा हक्क तुला आहे, तो वापर.

पण सात स्ट्रिप आजच्या आज काढ, हे वाक्य वाचून झाल्यावर लगेच. आत्याच्या. नावं बदलली आहेत तरी मला कळलं की ही तुझी खरी आत्या आहे. नवरा सोडून माहेरी आलेली, रात्री रेडिओ लावून बसणारी, डब्यात पैसे लपवणारी. हे कल्पनेतून येत नाही. तुझं तिच्यावर प्रेम आहे तेही दिसतं. पण तिने तुला तिचं आयुष्य दिलेलं नाही, तू ते उचललंस, आणि तुझ्या गावात ती कोण हे शंभर घरांना कळलं असणार. पेद्रू हा एका समाजावरचा अन्याय आहे, तो पुढच्या पेद्रूने काही अंशी फेडता येईल. आत्या एक आहे आणि ती त्याच घरात राहते. तिला सांग, काय केलं होतंस ते. तिने दाखव म्हटलं तर दाखव. त्यानंतर ती स्वतः होऊन काही सांगेल, हस म्हणेल, तर तेव्हाचं तेव्हा. मला या जागी तुला सवलत द्यायची इच्छा नाही.

राहिला वाचकांचा प्रश्न. पेद्रू लाडका आहे म्हणतेस. लोकांना त्याच्यातलं नक्की काय आवडतं ते तुझ्याच स्ट्रिपमध्ये दिसलं मला. सदतिसाव्या स्ट्रिपमध्ये तो पावसात येतो, टोपली झाकायला स्वतःचा रेनकोट काढून देतो आणि भिजत उभा राहतो. मुक्ता म्हणते, वेडाच आहेस. तिथे दारूचा उल्लेखच नाही, आणि तू लिहिलंयस की ती सगळ्यात जास्त पसरली. म्हणजे तुला तेव्हाही कळत होतं. त्या स्ट्रिपमधला माणूस पुढे चालव. पाव ओला होता कामा नये, हे त्याला का एवढं वाटतं? तिथून सुरुवात कर. अचानक एका सोमवारी बाटली गायब आणि पेद्रू व्यसनमुक्तीवर भाषण देतोय असं करू नकोस, ते कोणालाच पटणार नाही. बाटली आपोआप चौकटीबाहेर जाऊ दे. त्याला काम दे, देणं दे, भावाशी जमिनीचं भांडण दे, एखादी गोष्ट अशी दे जी त्याला हवी आहे आणि मुक्ताशी तिचा काहीही संबंध नाही.

आणि त्याला संत करू नकोस. अपराधी वाटलं की लेखक हमखास हे करतो. चार्ल्स शुल्झची चार्ली ब्राऊनची स्ट्रिप घे. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर हॅरिएट ग्लिकमन या शिक्षिकेने शुल्झला पत्र लिहिलं, तुमच्या मुलांत एक काळा मुलगा आणा म्हणून. शुल्झ आधी कचरला, आपण उपकार केल्यासारखं दिसेल याची त्याला भीती होती. शेवटी ३१ जुलै १९६८ ला फ्रँकलिन आला, समुद्रकिनाऱ्यावर हरवलेला चेंडू परत आणून देत. मोठी गोष्ट होती ती, त्या काळी फार मोठी. पण बाकीच्या मुलांचं काय चाललंय बघ : एकाचा आत्मविश्वास खचलेला, एक हेकट, एकाला पांघरूण सुटत नाही. फ्रँकलिन मात्र समंजस आणि नीटनेटका. त्याला एखादं वेड, एखादा दोष शुल्झने बेताबेतानेच दिला, आणि म्हणून इतरांसारखा तो आपल्या अंगात भिनत नाही. चांगलं वागवायच्या नादात माणूस पातळ होतो. तुझ्या नव्या पेद्रूला रागीट होऊ दे, कंजूष होऊ दे. उधारीची वही त्याने कधीही विसरू नये. फक्त ते दोष त्याचे स्वतःचे असू देत.

काही वाचक जातील. दारूच्या विनोदासाठी येणारे जातील, जाऊ देत. मला खात्री आहे की तुझी मैत्रीण आठ वर्षं वाचत होती, नाही तर तिला हा प्रश्न सुचलाच नसता.

तिला फोन कर. माफी मागायला नव्हे, ती नंतर आपोआप मागितली जाईल, वडिलांना भेटता येईल का ते विचारायला. त्यांची भट्टी आता बंद असेल तर चालू भट्टी कोणाची ते त्यांना ठाऊक असेलच. रात्री दोनला जावं लागेल, तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेव आणि कोणाला तरी सोबत ने. पहिल्या दिवशी मोबाइल बाहेर काढू नकोस, वहीसुद्धा नको. आत जागा कमी असते, लांब दांडा मागे-पुढे जात असतो, दाराच्या डाव्या-उजव्या कुठल्या कोपऱ्यात उभं राहायचं ते विचारून घे. पीठ मळणाऱ्याचं नाव विचार, त्याचं गाव विचार. निघताना पाव विकत घे, फुकट दिला तरी पैसे दे. आणि नाताळच्या आठवड्यात जाऊ नकोस, त्या दिवसांत त्यांना बोलायला सवड नसते.

तुझी ताई